सरळ बोला, बाई

काकांसमोर कुणी ‘चहा नको असं काही नाही’ म्हणालं, की त्याला चहा मिळत नसे. बाकीच्यांचे पेले भरून झाले की ते किटली खाली ठेवत आणि त्या माणसाकडे अशा काही शांतपणे बघत राहत की त्यालाच ओशाळल्यासारखं होई. हवा असेल तर हवा म्हणावं, नको असेल तर नको. एका वाक्यात दोन नकार आले म्हणजे माणूस काहीतरी लपवतोय किंवा त्याला स्वतःलाच कळलेलं नाही, असं त्यांचं मत होतं. त्यातून त्यांनी आमच्या प्राचार्यांनाही सूट दिली नव्हती. प्राचार्य महिनाभर तरी ग्रंथालयात बिनचहाचे बसले असतील.

मी महाडच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. काका आमच्याकडे नोकरीला नव्हते. उमेदीची वर्षं त्यांनी एका जिल्हा दैनिकाचे वार्ताहर म्हणून काढली होती. महाड आणि पोलादपूर, दोन्ही तालुके त्यांच्याकडे. ते काम त्यांनी मध्येच सोडलं आणि नंतर बाजारपेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत राहिले. का सोडलं ते ते सांगत नसत आणि विचारायची सोय नव्हती. प्राचार्य त्यांचे शाळासोबती. आमचे प्राध्यापक एवढं संशोधन करतात आणि पेपरात मात्र भलतंच काही छापून येतं, अशी तक्रार प्राचार्यांनी एकदा त्यांच्याकडे केली. काका म्हणाले, पेपरवाल्यांना कशाला नावं ठेवता, तुमची माणसंच वाकडं बोलतात. मला एक खुर्ची द्या. तशी त्यांना ग्रंथालयाच्या कोपऱ्यात खुर्ची मिळाली. कुणाचा शोधनिबंध छापून आला, कुणाला वार्ताहराचा फोन आला, की त्याने आधी काकांपुढे उभं राहायचं, अशी रीत पडली.

उभंच राहायचं. बसून बोललेलं त्यांना चालत नसे. ते आम्हाला उपाहारगृहामागच्या भिंतीजवळ घेऊन जात, कारण तिथून रस्ता जवळ होता आणि एमआयडीसीकडे जाणारे ट्रक सतत कानठळ्या बसवत. तुम्हाला माईक लावतील तेव्हा काय वातानुकूलित सभागृहात लावणार आहेत का, असं त्यांचं म्हणणं. मग आपली छत्री उलटी धरून तिची मूठ आमच्या तोंडासमोर आणत. ही छत्री वैशाखातही त्यांच्या काखेत असे. आम्ही मुठीकडे बघून बोलायला लागायचो. एखादा अवघड शब्द आला की ते छत्री खाली करत आणि रस्त्यावरचे ट्रक बघू लागत. आपलं वाक्य हवेत लोंबकळत राही. थोड्या वेळाने ते वळून विचारत, “संपलं का? माझा वाचक केव्हाच पान उलटून गेला.”

त्यांच्या लेखी उत्तम वक्ता एकच होता, महाडच्या एसटी स्थानकात घोषणा करणारा माणूस. काही काम नसताना ते स्थानकावर जाऊन बाकावर बसत आणि घोषणा ऐकत. गाडी कुठली, कुठे जाणार, कुठल्या फलाटावर लागली. ह्यापुढे सांगायचं असेल तर प्रबंध लिहा, म्हणत. एका नव्या प्राध्यापकाला त्यांनी खरोखरच अर्धा दिवस तिथे बसवून ठेवलं होतं. तो बिचारा परत आला तो हिरकणीवाडीला जाणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ करून.

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी सावित्रीतल्या मगरींवर बरीच वर्षं काम केलं होतं. एकदा एक वार्ताहर आला तेव्हा सरांनी त्याला अंड्यांच्या तापमानापासून सुरुवात करून तासभर समजावलं. दुसऱ्या दिवशी मथळा आला, महाडकरांवर मगरींचं सावट. सर इतके खवळले की पुन्हा पेपरवाल्याला दारात उभं करणार नाही म्हणाले. काकांनी त्यांना उपाहारगृहामागे नेलं. त्या वार्ताहराला संध्याकाळच्या आत बातमी द्यायची होती, तुम्हाला निवृत्तीपर्यंत वेळ आहे. दोघांपैकी कुणी घाई समजून घ्यायची, असा प्रश्न त्यांनी केला. मग त्यांच्याकडून तीन वाक्यं घासून घेतली. मगरी इथे पूर्वीपासून आहेत. अमुक डोहात धुण्याला उतरू नका. काठावर अंडी दिसली तर हात न लावता आम्हाला कळवा. त्याच वार्ताहराला काकांनी स्वतः फोन करून पुन्हा बोलावलं आणि ती तीन वाक्यं जशीच्या तशी छापून आली. सरांनी ते कात्रण पुढे कितीतरी दिवस खिशात बाळगलं.

सगळ्यात अवघड धडा ‘मला माहीत नाही’ हे म्हणण्याचा. ते मोठ्याने, खाली न बघता आणि पुढे ‘परंतु’ न लावता म्हणायचं. वाणिज्यच्या विभागप्रमुखांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. त्यांचा चेहरा ते वाक्य म्हणताना असा होई, की काकांनीच एकदा छत्री खाली घेतली आणि राहू द्या म्हणाले.

मला ते ‘बाई’ म्हणत. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या संशोधनाचा विषय विचारला. मी प्रबंधाचं नाव सांगितलं. त्यात ‘अस्थैर्य’ आणि ‘अवकाशीय’ हे दोन्ही शब्द होते. काका ट्रक बघू लागले. मी पुन्हा सुरुवात केली. तेव्हा त्यांनी विचारलं, “हे कळल्यावर कुणाची झोप उडायला हवी? त्याच्याशी बोलताय असं समजा आणि सरळ बोला, बाई.”

तळीये गावावर दरड कोसळली, त्यानंतर आमच्याकडे पावसाळा आला की माणसं आधी डोंगराकडे बघतात आणि मग आभाळाकडे. जरा कुठे माती घसरली की कॅमेरे येतात. मी तेव्हा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीमागचा डोंगर बघत होते. वाडीचं नाव इथे लिहीत नाही. वीस-पंचवीस उंबरे, वर गवताळ उतार, आणि त्या उतारावर आडवी गेलेली एक भेग. भेगेच्या दोन्ही बाजूंना मी लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्यामधलं अंतर मोजत होते. अंतर वाढत होतं. मी अहवाल लिहून संबंधित कार्यालयात दिला, त्याची पोच मिळाली आणि उन्हाळा निघून चालला. तेवढ्यात मुंबईच्या एका वाहिनीच्या प्रतिनिधीला त्या भेगेबद्दल कुठूनतरी कळलं आणि तिने मला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा घेऊन येणार होती.

मी काकांकडे गेले. काय बोलायचं ते मी लिहून नेलं होतं. अतिवृष्टी झाल्यास भूस्खलनाची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यातलं मुख्य वाक्य. काकांनी ते ऐकलं आणि छत्री खाली न करता ते चक्क निघून गेले. मी भिंतीजवळ एकटी उभी. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका कठोर होता. भेग आहे का, विचारलं. आहे. पाणी आत शिरेल का? शिरेल. डोंगर येईल का? मी म्हटलं, ते मला माहीत नाही, कुणालाच सांगता येणार नाही.

“ह्या पावसाळ्यात तुम्ही त्या वाडीत झोपाल?”

मी म्हटलं, नाही.

“मग हेच बोला.”

मी वाद घातला. संशोधकाने असं बोलायचं नसतं, हे माझं वैयक्तिक मत झालं, त्याला आधार काय, असं बरंच काही. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले की खोटं असेल तर बोलू नका. ते खोटं नव्हतं.

कॅमेऱ्यासमोर मी तसंच बोलले. डोंगरावर भेग आहे. पावसाचं पाणी तिच्यात जाईल. डोंगर सरकेल की नाही ते मला माहीत नाही. पण ह्या पावसाळ्यात मी त्या घरांत झोपणार नाही. शेवटचं वाक्य त्या वाहिनीने दिवसभर फिरवलं. मग अधिकारी आले, पंचायत बसली, आणि पावसाच्या तोंडावर अख्खी वाडी खालच्या शाळेच्या वर्गांमध्ये राहायला गेली. गुरं नातेवाइकांकडे पांगली. भाताची आवणं, म्हणजे लावणी, लोकांनी रोज खालून वर चढून केली.

पाऊस बेताचा झाला. डोंगर हलला नाही.

श्रावणात शाळेतल्या एका म्हाताऱ्या बाईला ताप आला आणि त्यात ती गेली. लोक सांगत होते की ती पहिल्या दिवसापासून घर-घर करत होती. पाऊस थांबला की फाटकाशी येऊन वर बघत बसायची. चूल पेटवायला कुणी नाही, घरात बुरशी धरेल, म्हणायची. हे मला फोनवर कळलं. मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, आपण जायला हवं. मला जायचं नव्हतं. मी तसं बोललेही. ते आपले छत्री घेऊन दारात उभे राहिले.

आम्ही गेलो तेव्हा पाऊस सरत आला होता आणि लोक आपापल्या घरी परतले होते. त्या म्हातारीचा मुलगा पडवीत बसला होता. चाळिशीचा असेल. त्याने आम्हाला बसा म्हटलं नाही. काका चपला काढून जमिनीवर बसले, म्हणून मीही बसले. आजूबाजूची माणसं गोळा झाली. कुणाची म्हैस आटली होती, कुणाच्या घराची कौलं वाऱ्याने गेली होती आणि बघायला कुणी नव्हतं. तो मुलगा सगळ्यांचं होऊ देत होता. मग म्हणाला, “डोंगर हाय तितंच हाय, मॅडम. माझी आय नाय ऱ्हायली. डोंगराखाली मेली आसती तर घरात तरी मेली आसती.”

मी बोलायला लागले. पाऊस कमी झाला, भेग तरी रुंदावली आहेच, असा धोका वर्षाच्या हिशेबात सांगता येत नाही. काकांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मी गप्प झाले. ते त्या मुलाला म्हणाले, “तुझी आई आमच्या बोलण्यामुळे घराबाहेर गेली. हे खरं आहे.”

त्यापुढे त्यांनी काही जोडलं नाही. तो मुलगा उठून आत गेला आणि आम्ही असेपर्यंत बाहेर आला नाही.

परतीच्या एसटीत काका खिडकीशी बसले होते. कशेडी घाटाच्या बाजूने ढग उतरले होते. त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. बरीच जुनी गोष्ट. ते वार्ताहर असताना बाहेरून एक भूगर्भाचे अभ्यासक आले होते, एका गावावरचा डोंगर बघायला. काकांनी त्यांना धोक्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, तत्काळ धोका नाही, असे निश्चितपणे म्हणता येणार नाही. काकांनी वाक्य शब्दाशब्दाने लिहून घेतलं आणि तसंच पाठवलं. तिकडे दैनिकाच्या कचेरीत बातमीला जागा कमी पडली. वाक्य स्वल्पविरामाशी कापलं गेलं. गावात तो अंक हातोहात फिरला. लोक निर्धास्त झाले. त्याच पावसाळ्यात तो डोंगर आला.

“बातमी करायला मीच गेलो होतो, बाई. चिखलात एक माणूस भेटला. रागावलेला नव्हता. नुसतं विचारत होता, ते तुम्हीच लिहिलं होतंत ना?”

काकांनी त्याला काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही. महाडच्या स्थानकात उतरल्यावर घोषणा चालू होती, पण त्या दिवशी ते ऐकायला थांबले नाहीत.

आठवड्याभराने ते माझ्या विभागात आले. डोंगर सरकला नाही, हीसुद्धा बातमी आहे, म्हणाले. आणि ती दुसऱ्या कुणी देण्याआधी तुम्ही द्यायची. मला हे अगदीच नको होतं. स्टाफरूममध्ये आधीच ‘काय म्हणतोय तुमचा डोंगर’ म्हणून विचारपूस होत होती. आपणच आपली फजिती छापून आणायची म्हणजे काय? काकांचं म्हणणं असं, की भीती दाखवायला तुम्ही पुढे आलात, आता तोंड लपवलंत तर पुढच्या वेळी कोण ऐकेल. आम्ही पुन्हा भिंतीजवळ गेलो. छत्रीची मूठ माझ्यासमोर आली. ह्या पावसाळ्यात डोंगर सरकला नाही, ह्याचा मला आनंद आहे. घर सोडल्यामुळे लोकांचे फार हाल झाले, एक वृद्ध महिला गेल्या. भेग अजून आहे आणि पूर्वीपेक्षा रुंद आहे. पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा हेच सांगेन. मुंबईच्या वाहिनीला ह्यात काही रस नव्हता. एका स्थानिक साप्ताहिकाने आतल्या पानावर छापलं. ते अंक काकांनी स्वतः पोलादपूरला जाऊन वाडीच्या रस्त्यावरच्या किराणा दुकानात ठेवले.

दिवाळीनंतर त्यांचं येणं कमी झालं. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. मुंबईला नेऊन आणलं, तेव्हा पोटात गाठ निघाली आणि फार पुढे गेलेली निघाली. डॉक्टर त्यांच्याशी गोलगोल बोलत होते. काका म्हणे त्यांना म्हणाले की तुम्हाला मी दोन महिने आधी भेटायला हवा होतो, बोलायला शिकवलं असतं. हे सांगताना काकू हसल्या आणि मग पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

मी शेवटची भेटले तेव्हा ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. आवाज अगदी खोल गेला होता. मी जवळ बसले. त्यांनी वाडीचं विचारलं. मी म्हटलं, पाऊस यायच्या आधी पुन्हा सांगावं लागेल, वाहिनीवाल्यांना बोलावू का. त्यांनी मान हलवली.

“तुम्हीच जा. घरोघर जा. कॅमेरा नको.”

चैत्रात ते गेले. त्यांच्या जाण्याची बातमी मीच लिहिली. किती सरळ लिहायला बसले तरी वाक्यं वाकडी होत होती. शेवटी नाव, वय, गाव आणि काय काम करत ते, एवढं लिहून दिलं.

जूनच्या आधी मी वाडीत गेले. एकेका उंबऱ्याशी बसले आणि तेच सांगितलं जे कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं, डोंगर येईल की नाही हे मला माहीत नाही, हेसुद्धा. कुणी पाणी दिलं, कुणी नाही. तो मुलगा अंगणात लाकडं फोडत होता. माझं बोलून होईपर्यंत त्याने हात थांबवला नाही. मी निघाले तेव्हा पाठमोराच म्हणाला, “गेल्या साली डोंगर पडला नाय त्ये तुमी सोताच पेपरात सांगितलंत. दुसऱ्यानं नसतं सांगितलं. येतो शाळंत.”

त्या वर्षी जुलैत, वाडी पुन्हा शाळेत उतरलेली असताना, तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी पहाटे भेगेच्या खालचा सगळा उतार वाडीवर आला. शाळेतल्या लोकांना आवाज ऐकू आला. उजाडल्यावर ते वर गेले, तर मधल्या आळीतली घरं दिसतच नव्हती. त्या म्हातारीच्या मुलाचं घर मधल्या आळीतच होतं. पेपरात दोन ओळी आल्या. दरड कोसळली, जीवितहानी नाही. कुणी कॅमेरा घेऊन आलं नाही. मी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते आणि दाखवायला कुणी नव्हतं.

गौरी-गणपतीनंतर तो महाविद्यालयात आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, बरोबर तवशांची, पावसाळी काकड्यांची, पिशवी. मला म्हणाला, त्या काकांना भेटायचं हाय. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो पिशवी तशीच हातात धरून उभा राहिला. मग विचारलं, घरात कोण असतं? मी त्याला काकूंकडे घेऊन गेले.

काकूंनी त्याला ओळखायचं कारण नव्हतं. तो कोण ते मी सांगितलं. तो आत येऊन भिंतीशी बसला. बायको-पोरं सुखरूप आहेत, खाली पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, हे त्याने सांगितलं. मग पिशवीतली तवशी एकेक काढून जमिनीवर मांडत राहिला. काकू ते बघत होत्या. मग त्याच्यासमोर येऊन बसल्या.

“त्या दिवशी तुमच्याकडून आले ते हातपाय न धुता ओट्यावरच बसले,” त्या म्हणाल्या. “म्हणाले, जन्मभर लोकांची नावं विचारत फिरलो आणि आज त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. पुढे आजारात ग्लानी आली की हेच. नाव राहिलं, नाव राहिलं. पुन्हा जाऊन तुला विचारायचं होतं त्यांना. धीर झाला नाही रे त्यांचा.” मग त्यांनी विचारलं, “काय नाव होतं तुझ्या आईचं?”

तो खाली बघत म्हणाला, “चंद्रभागा.”

काकू उठल्या. काका शेवटी जिथे पडून असत त्या आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या, आणि अंधारात कुणाला नीट ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, “चंद्रभागा. ऐकलंत का? चंद्रभागा नाव होतं.”